तीन दिवस चाललेला मंगळवार

आमच्या हार्कनेस गावच्या पुरुषांना दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत, दार मिटणं आणि तोंड मिटणं. १७८८ सालच्या फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी ऐंशी मतदार बुटांचा बर्फ न झाडता माझ्या खानावळीत घुसले, दार सताड उघडं टाकलं आणि बोलायला लागले. थांबले ते गुरुवारी दिवेलागणीला. मधल्या काळात माणूस म्हणजे काय, राज्य म्हणजे काय, कायदा कुठून येतो, हे सगळं आपण ठरवलं असं ते अजून सांगतात. मी तिथं होते. काय ठरवलं ते मी सांगते.

मी हुल्डा बिक्सबी. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ही खानावळ चालवते. परवाना माझ्या नावावर, कर माझ्या नावावर, पण गावसभेत तोंड उघडायचा हक्क नाही, कारण मी बाई. तशी सभा भरायची ती प्रार्थनाघरातच. पण प्रार्थनाघरात चूल नाही. त्यामुळे दर हिवाळ्यात आमची माणसं तिथं जातात, टोप्या काढतात, सभापती निवडतात आणि लगेच ठराव करतात की सभा हुल्डाबाईच्या खानावळीत हलवावी. वादावादी न होता मंजूर होणारा आमच्या गावातला हा एकच ठराव.

त्या दिवशी विषय तीन होते. पहिला सभापती निवडायचा, तो झाला. दुसरा, फिलाडेल्फियात थोरामोठ्यांनी दारं-खिडक्या बंद करून लिहिलेली नवी राज्यघटना वाचायची आणि ती मंजूर करायची की नाही ते ठरवायला एक्झेटरला भरणाऱ्या आमच्या राज्याच्या अधिवेशनाला गावचा एक प्रतिनिधी पाठवायचा. तिसरा, विधवा केझाया टल हिला गावच्या हद्दीबाहेर जायची ताकीद द्यायची.

केझाया माझ्या मागच्या खोलीत राहायची. आदल्या वर्षी सात फेब्रुवारीला, सूर्य मावळता मावळता, ती माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. सोबत नवरा, एलायब, बर्फानं पाय काळे पडलेला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बंड झालं होतं, त्यात तो होता. फौजेनं पांगवल्यावर दोघं वादळातून डोंगर ओलांडून आली. अकरा दिवसांनी एलायब गेला. माझ्या सफरचंदांच्या झाडांमागे आम्ही त्याला पुरलं, आणि त्याच आठवड्यात केझाया मागच्या खोलीतल्या माझ्या जुन्या मागावर बसली. आज गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पाठीवरचं लोकरी कापड तिच्या हातचं आहे. तिनं कुणाकडे कधी मूठभर पीठसुद्धा मागितलं नाही.

पण आमच्याकडचा कायदा असा, की परका माणूस वर्षभर गावात राहिला आणि तोवर कॉन्स्टेबलनं त्याच्या तोंडावर ताकीद वाचली नाही, तर तो गावचा होतो. मग तो आजारी पडला, म्हातारा झाला, की त्याला गावानं पोसायचं. म्हणून आमची देवभीरू माणसं वर्ष भरायच्या आत ताकीद वाचून मोकळी होतात. कॉन्स्टेबल त्या माणसाला हद्दीच्या दगडापर्यंत पोचवतो. पलीकडच्या गावातली माणसंही तेवढीच देवभीरू असतात.

केझायाचं वर्ष गुरुवारी सूर्य मावळताना भरत होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे," स्क्वायर पेलेग ऑर्डवेनं मंगळवारी सकाळीच सांगून टाकलं. "घटना जेवणाआधी उरकू, बाई जेवणानंतर. गायींच्या धारांना सगळे घरी."

स्क्वायर म्हणजे आमचा न्यायाधीश. गावातलं रंगवलेलं घर त्याचं एकट्याचं. रंग फक्त रस्त्याच्या बाजूला आहे, ती गोष्ट वेगळी. त्याला नवी घटना हवी होती, आणि त्याहून जास्त, ती मंजूर करायला एक्झेटरला जायचं होतं. त्याच्यासमोर डीकन अमासा टफ्ट, चर्चचा कारभारी. त्याला नवी घटना नको होती, आणि त्याहून जास्त, ती पाडायला एक्झेटरला जायचं होतं. बारा वर्षांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. केझायाला हाकलायच्या अर्जावर मात्र दोघांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या.

स्क्वायर कागद घेऊन उभा राहिला. "आम्ही लोक," त्यानं वाचलं, आणि छातीवर हात ठेवून इतका वेळ थांबला की मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा पेला नेऊन ठेवला. त्यानं तो बाजूला सारला.

"सभापती, आजवर 'आम्ही' म्हणायचे ते राजे. आज पहिल्यांदा लोक म्हणताहेत, 'आम्ही'!"

टाळ्या पडल्या. मी खोलीभर नजर फिरवली. गावात माणसं चारशेच्या वर, खोलीत ऐंशी. बाकीचे कोण होते ते काही त्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

मग स्क्वायर मुळाशी गेला. त्याला मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. साधं कुंपण घालायचं असलं तरी हा जगाच्या आरंभापासून सुरुवात करतो. "आरंभी माणूस रानात एकटा होता. स्वतंत्र! कुणाचा ताबेदार नाही! मग भीतीपोटी माणसं एकत्र आली, त्यांनी करार केला आणि आपापल्या संमतीनं राज्य उभं केलं. ज्याच्यावर राज्य करायचं त्याची संमती नाही, तर ते राज्यच नाही!"

रानात एकटा होता म्हणे. यांच्या आया काय तेव्हा बाजाराला गेल्या होत्या? हा पेलेग जन्मला तेव्हा तीन बायका दोन दिवस घाम गाळत होत्या, त्यांतली एक माझी आई. डोकं फार मोठं होतं, असं ती सांगायची. अजूनही आहे, आत काही नसलं म्हणून काय झालं.

डीकन उठला. "माणूस मुळात पापी आहे," तो म्हणाला. चांगली सुरुवात होती, मला पटली. "पापी माणसाच्या हाती सत्ता द्यायची म्हणजे कोल्ह्याच्या हाती खुराडं. या कागदात सत्ता दिलेली दिसते. आमचे हक्क कुठं लिहिलेत? दाखवा बोट ठेवून!"

"एका सत्तेला दुसरी अडवील, दुसरीला तिसरी. बांधणीच तशी आहे, डीकन. कोल्ह्यावर कोल्हाच राखणीला."

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्या मत देतील!"

बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. हे जेवणापर्यंत चाललं, घेवडा आणि खारवलेलं डुक्कर चावता चावता चाललं, जेवणानंतरही चाललं. तीनच्या सुमाराला दोघांचे गळे बसले. "मला एवढंच सांगायचं होतं," म्हणून डीकन एकदाचा खाली बसला. आमचा सभापती जोथम, म्हातारा गिरणीवाला, दचकून जागा झाला. "मग घ्यायचं का मत?"

भिंतीपलीकडून मागाचा आवाज येत होता, ठक, ठक. मत झालं की तिसरा विषय, आणि तिसरा विषय झाला की कॉन्स्टेबल ओबेडला फक्त दहा पावलं चालायचं होतं. मला तोवर काही युक्तीबिक्ती सुचली नव्हती, खोटं कशाला सांगू. मला राग आला होता, बस्स. हातात फ्लिपचा जग होता. बिअर, रम, काकवी, आणि वरून लालबुंद सळई बुडवून फेस आणलेला. तो डीकनच्या मगात ओतताना तोंडून निघून गेलं, "खरं का हो डीकन, या नव्या घटनेत अधिकाऱ्याला धर्माची अटच नाही म्हणतात? म्हणजे उद्या एखादा तुर्क आला आपल्यावर राज्य करायला, तरी चालेल?"

"बाईनं सभेत बोलायचं नाही," जोथम म्हणाला.

"मी कुठं बोलतेय? मी ओततेय."

डीकनचा मग ओठांपाशी जाऊन थांबला. "सभापती!" तो ओरडला आणि उभा राहिला तो धारांची वेळ होईपर्यंत खाली बसला नाही. तुर्क झाला, पोप झाला, नास्तिक झाला, शेवटी एकेका तारवात किती तुर्क मावतात यावरही बोलणं झालं. आमच्या गावात कुणी जन्मात तुर्क पाहिलेला नाही. सभा बुधवारी सकाळपर्यंत तहकूब झाली.

त्या रात्री मग घासताना माझ्या ध्यानात आलं की आपल्या हाती काय सापडलंय. ही माणसं न्याय विसरतील, दया विसरतील, पण आपलं भाषण पुरं करायचं विसरणार नाहीत. गुरुवारच्या सूर्यास्तापर्यंत यांना बोलत ठेवायचं. त्याला काय अक्कल लागते? फक्त भरलेला जग लागतो.

बुधवारी सकाळी मागच्या खोलीत गेले, तर केझाया मागाच्या दोऱ्या सोडत बसलेली.

"हे काय मांडलंयस?"

"मीच जाते, हुल्डाबाई. तो ओबेड सगळ्यांसमोर वाचून दाखवणार, त्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं. एलायबच्या जागेकडे तेवढं बघा. वसंतात तिथं बकऱ्या शिरतात."

"जाणार कुठं? माहेरी? तिथं एलायबचं नाव बंडखोरांच्या यादीत लावलंय अजून."

"ते खरं. पण मला काय वाटतं ते तरी ऐका..."

"तुला काय कळतंय यातलं? बांध त्या दोऱ्या परत. काय करायचं ते मी बघते. तू गप्प बस फक्त."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली मान घालून दोऱ्या बांधायला लागली. मी स्वतःवर खूश होऊन चुलीकडे गेले.

त्या दिवशी स्क्वायरचा पुतण्या आयरा एकवीस वर्षांचा झाला. मंगळवारी तो दाराला टेकून ऐकत होता, बुधवारी ऐटीत बाकावर येऊन बसला आणि मतदार झाला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मी माझ्याकडून त्याला एक मोठा मग दिला. तेव्हा त्यात माझा काही डाव नव्हता. पोरगा बरा आहे, काका सोडला तर.

सभा सुरू होते न होते तोच ओबेड उभा राहिला. "सभापती, ते तिसरं आधी घेऊ या का? दोन मिनिटांचं तर काम. मला उद्या घोडीला नाल मारायची आहे."

"काही हरकत नाही," स्क्वायर म्हणाला.

मी जग उचलला आणि डीकनच्या कानाशी वाकले. "घ्या डीकन. क्रम मोडायला काय लागतं म्हणा. लंडनच्या राजानंही असंच आधी एखादं बारीकसं काम पुढं घेतलं असेल."

डीकनच्या मानेवरची शीर फुगली. "सभापती! क्रम म्हणजेच कायदा! आज विधवा पुढं घ्याल, उद्या कर पुढं घ्याल, परवा आमच्या हातांत बेड्या! दुसरा विषय संपल्याशिवाय तिसरा नाही!"

आता कायद्याची कळकळ डीकनला जास्त, असं दिसून कसं चालेल? स्क्वायरही उठला आणि क्रमाच्या बाजूनं त्याच्याहून लांब बोलला. ओबेडची सूचना पडली. केझायाला हाकलायची घाई सगळ्यांना होती, पण नियम मोडून हाकलायला आम्ही काय रानटी आहोत?

पुढं मी एकेकाची नस ओळखून बोट ठेवत गेले. लढाईत जाऊन आलेल्यांना विचारलं, शांततेच्या काळातही फौज ठेवणार म्हणजे ती कुणावर सोडणार? झाला दीड तास. म्हाताऱ्यांना विचारलं, आपल्याकडे प्रतिनिधी वर्षानं बदलतो, हे दोन वर्षांचं काय काढलंय? झाली दुपार. मग दक्षिणेकडच्या गुलामांचं कलम निघालं. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम तीन माणसांएवढे मोजायचे. दोघाचौघांनी खाली पाहिलं.

"आणि आम्हा बायकांना कसं मोजतात?" मी स्क्वायरला मग देता देता विचारलं.

"बायका पूर्ण!" तो फार उदारपणे म्हणाला. "एकीला एक."

मोजायला पूर्ण, बोलायला शून्य. आणि त्या बिचाऱ्या गुलामांचं मोजणंसुद्धा मालकाचं वजन वाढवायला. ज्यांनी खाली पाहिलं होतं त्यांनी मग पुढं केले आणि पुन्हा भरून घेतले. मला त्या वेळी त्यांची इतकी किळस आली की जग तिथंच ओतून द्यावासा वाटला. ओतला नाही. गुरुवार अजून उरला होता.

गुरुवारी दुपारपर्यंत माझे प्रश्न संपले आणि त्यांचे आवाजही. तीनला जोथमनं मत पुकारलं. घटनेच्या बाजूचे आणि स्क्वायरला पाठवायचं म्हणणारे चुलीकडे, विरोधातले आणि डीकनला पाठवायचं म्हणणारे खिडकीकडे. चुलीची बाजू स्क्वायरनं सकाळीच अडवून ठेवली होती. त्याची चार मतं तरी उबेची होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कारकुनानं मोजलं. चुलीकडे एक्केचाळीस, खिडकीकडे चाळीस.

"पुन्हा मोजा!" डीकन ओरडला. पुन्हा मोजलं. मधेच कुणी परसात गेला होता, तो आला. तिसऱ्यांदा मोजलं. एक्केचाळीस, चाळीस. स्क्वायरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं देशाचे आभार मानले, पूर्वजांचे मानले, येणाऱ्या पिढ्यांचे आगाऊ मानून ठेवले. मी एका शब्दानंही मध्ये आले नाही. त्याला इतक्या प्रेमानं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"आता तिसरा विषय," जोथम म्हणाला. "विधवा टल."

मी दोन पेटत्या मेणबत्त्या आणून टेबलावर ठेवल्या. "अंधार झालाय, कारकुनाला दिसायला हवं ना," मी म्हणाले.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. डोंगर काळा पडला होता, वर एक चांदणी. भिंतीपलीकडचा माग थांबला.

"वर्ष भरलं की," ओबेड म्हणाला.

मी ओठ चावून उभी होते, हसू फुटेल म्हणून. पण पेलेग ऑर्डवे उगाच न्यायाधीश झालेला नाही. तो सावकाश उठला.

"मित्रहो, सभा मंगळवारी सुरू झाली. नंतर ती तहकूब झाली, संपली नाही. तहकूब सभा म्हणजे तीच सभा. म्हणजे कायद्याच्या नजरेत आज अजून मंगळवारच आहे. ओबेडनं आत्ता जाऊन ताकीद वाचली, तर ती मंगळवारी वाचली. कारकून, तसं लिहा."

"बरोबर आहे," डीकन म्हणाला. देवाशपथ सांगते, डीकन म्हणाला! केझायाला हाकलायचं म्हटलं की दोघं पुन्हा एक. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली. ओबेड मागच्या खोलीच्या दाराकडे निघाला. तीन दिवस मी ओतलं ते सगळं मातीत जाणार होतं. तेवढ्यात माझी नजर आयराकडे गेली. तो काकाकडे मोठ्या अभिमानानं बघत होता.

"आयरा, बाळा," मी म्हणाले, "एकवीस तुला काल पुरी झाली ना रे?"

"हो काकू. तुम्हीच तर मग दिलात."

"मग मंगळवारी तू किती वर्षांचा होतास?"

"विसा..." एवढं म्हणून पोरगं थांबलं.

"बाईनं सभेत..." जोथमनं सुरुवात केली, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. डीकनचे ओठ हलत होते. एक्केचाळिसातून एक गेला, चाळीस. चाळीसला चाळीस. म्हणजे कुणीच निवडून आलं नाही.

"आज मंगळवारच!" डीकन गरजला. "साक्षात न्यायाधीशांनी सांगितलंय! पोराचं मत बाद!"

"आज गुरुवार आहे!" स्क्वायर किंचाळला. "कोणाही शहाण्या माणसाला विचारा! पंचांगात बघा!"

"आत्ता तर कायद्याची नजर म्हणत होतात!"

"कायद्याला डोळे आहेत, डीकन! सूर्य गेलेला त्यालाही दिसतो!"

मग काय करावं या स्वतंत्र, स्वयंशासित लोकांनी? आज कोणता वार आहे, यावर मत घेतलं. होय, घेतलं. आयराचं मत यात धरायचं की नाही, यावर डीकननं तोंड उघडलं होतं, पण बाहेर गायी हंबरत होत्या आणि धारा खोळंबल्या होत्या. डीकनची आठ माणसं खिडकीकडून चुलीकडे सरकली. एकोणपन्नास विरुद्ध बत्तीस मतांनी आज गुरुवार ठरला. ओबेड दारातून मागं फिरला. तिसरा विषय वगळण्यात आला, असं कारकुनानं लिहिलं.

स्क्वायर नंतर एक्झेटरला गेला. तिथं सगळे दहा दिवस बोलले आणि जूनमध्ये पुन्हा भेटून बोलावं, असं ठरवून आपापल्या गावी परतले. पण ते पुढचं.

खानावळ रिकामी होताच मी धावत मागच्या खोलीत गेले. "राहिलीस बाई! आता तू गावची. कुणाची टाप नाही तुला हात लावायची!"

केझाया मागावर बसली होती, हात मांडीवर. "ऐकलं सगळं. भिंत पातळ आहे."

"मग चेहरा का असा? जरा हस तरी."

"हुल्डाबाई, त्या एक्याऐंशी जणांनी मला विचारलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही, ती माणसंच तसली. पण तुम्ही पण नाही विचारलंत."

"अगं, मी तर तुझ्यासाठीच..."

"ते पण गावासाठीच म्हणतात ना? काल मी सांगत होते मला काय वाटतं. तुम्ही म्हणालात, गप्प बस. तो जोथम तुम्हाला म्हणतो, अगदी तस्संच."

मला असा संताप आला की काय सांगू. तीन दिवस पायांचे तुकडे पाडून घेतले, ते हे ऐकायला? उलट बोलायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की या घरात तीन दिवस तोंड उघडणाऱ्यांत मीही होते. त्यांत नव्हती ती एकटी केझाया. मला लाज वाटली. मला सहसा वाटत नाही.

"मग आता विचारते," मी म्हणाले. "केझाया, इथं राहतेस का?"

तिनं धोटा उचलला आणि एक ओळ विणली, मग दुसरी. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

शुक्रवारभर तिनं मला ताटकळत ठेवलं. ऐंशी बाप्यांना बोटावर खेळवणारी मी, पण माझे पाव जळले, एका पाहुण्याच्या मगात व्हिनेगर गेलं आणि संध्याकाळी नुसत्या पावलांच्या आवाजानं मी तीनदा उठून बसले. तिनं जायचं म्हटलं तर अडवायचं नाही, हे मी स्वतःला बजावत होते. फार जड गेलं.

शनिवारी सकाळी केझाया पुढच्या खोलीत आली, जोथमच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि टेबलावर दोनदा टकटक केलं.

"विषय एकच आहे," ती म्हणाली. "केझाया टलनं इथं राहावं का. कुणाला काही बोलायचंय?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग मत घेऊ." तिनं आधी स्वतःचा हात वर केला. मग मी केला. "दोन. विरोधात कुणी नाही." ती मागाकडे परत निघाली आणि दारात वळली. "एलायबच्या जागेला कुंपण मात्र हवं. बकऱ्यांसाठी."

जमीन गोठलेली होती, त्यामुळे खांब एप्रिलमध्ये रोवले. किती उंच हवेत, ते मी आधी तिला विचारलं.